निक लो : हलक्या हाताची गाणी

पांढऱ्या केसांचा निक लो आता सगळ्यांना आवडतो. जाड काळ्या काड्यांचा चष्मा, इस्त्रीचा शर्ट, हातात साधी लाकडी गिटार आणि वयानं जरा खरखरीत पण मऊ झालेला आवाज. १९९४ साली आलेल्या ‘द इम्पॉसिबल बर्ड’पासून त्यानं जे अल्बम केले, त्यांच्याबद्दल इंग्रजीत भरभरून लिहिलं गेलं आहे. त्या लिहिण्याचा एकूण सूर असा, की तरुणपणी हा माणूस टवाळक्या करत फिरत होता, चाळिशी उलटल्यावर त्याला शहाणपण आलं आणि मग त्याची खरी गाणी सुरू झाली. आपल्याकडेही एखाद्या विनोदी लेखकानं दुःखी पुस्तक लिहिलं, की ‘आता कुठं लेखक दिसला’ असं म्हणणारी मंडळी असतात. त्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही.

लोची उतारवयातली गाणी सुंदर आहेत, यात वाद नाही. पण १९७८ चा ‘जीझस ऑफ कूल’ आणि १९७९ चा ‘लेबर ऑफ लस्ट’ हे त्याचे पहिले दोन एकल अल्बम त्यांच्याहून वरचे आहेत, असं मला ठामपणे वाटतं. दुःखाचं गाणं संथ चालीत, मोजक्या वाद्यांवर म्हटलं की त्याला निम्मं वजन आपोआप येतं. तीन मिनिटांच्या, पाय ठेका धरेल अशा गाण्यात पैसा, फजिती, मत्सर, मरण असं सगळं भरायचं आणि तरी गाणं उडतं ठेवायचं, हे काम त्याहून अवघड. लो ते करत होता आणि वर काहीच करत नसल्याचा आव आणत होता. त्या आवाला पुष्कळ लोक फसले.

हा आव त्याच्यात आला कुठून, ते पाहायचं तर आठ-नऊ वर्षं मागं जावं लागतं. निक लोचा जन्म २४ मार्च १९४९ चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या वॉल्टन-ऑन-टेम्सचा. वडील रॉयल एअर फोर्समध्ये अधिकारी. त्यामुळे लहानपणीचा काही काळ जॉर्डनसारख्या दूरच्या तळांवर गेला आणि पुढं सफोकमधल्या वुडब्रिजच्या वसतिगृहाच्या शाळेत. तिथं त्याला ब्रिन्स्ली श्वार्झ हा मित्र भेटला. शाळेत सुरू झालेली वाजवावाजवी पुढं ‘किपिंग्टन लॉज’ नावाच्या बँडपर्यंत गेली. या बँडनं पार्लोफोनसाठी, म्हणजे बीटल्सच्याच कंपनीसाठी, काही सिंगल्स काढली. ती कुणी घेतली नाहीत. १९६९ मध्ये बँडनं नाव बदललं आणि गिटारवादकाचंच नाव अख्ख्या बँडला दिलं: ब्रिन्स्ली श्वार्झ. लो त्यात बेस गिटार वाजवायचा, गायचा आणि बहुतेक गाणी लिहायचा.

मग एप्रिल १९७० उजाडला. ‘फेमपुशर्स’ नावाच्या व्यवस्थापन कंपनीनं या बँडसाठी एक अफाट बेत आखला. नावावरूनच कंपनीची महत्त्वाकांक्षा कळते. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या त्या काळच्या नामांकित सभागृहात बँडचा कार्यक्रम ठरला. व्हॅन मॉरिसन आणि क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस हे मुख्य कलाकार आणि त्यांच्या आधी हे नवखे. हा कार्यक्रम बघायला लंडनहून शंभराहून अधिक पत्रकार आणि निमंत्रित मंडळी विमानानं न्यायची, सगळा खर्च कंपनीचा. बँडला व्हिसाची अडचण आली, म्हणून ते आधी कॅनडात उतरले आणि कार्यक्रमाच्या दिवशीच कसेबसे न्यूयॉर्कला पोचले. वाद्यं भाड्याची, सराव जेमतेम. इकडं पत्रकारांचं विमान बिघाडामुळं आयर्लंडमध्ये शॅननला अडकलं. फुकटची दारू होती आणि वेळ काढायचा होता. तासन्‌तास पिऊन, जागून, डोकी धरून ही मंडळी सभागृहात आली आणि समोर घाबरलेली चार पोरं बेताचंच गाणं वाजवताना दिसली. परत जाऊन त्यांनी काय लिहिलं असेल, ते सांगायला नको. पाठोपाठ आलेल्या पहिल्या अल्बमचीही त्याच तावात सालटी निघाली.

एकवीस वर्षांच्या पोराला संगीताच्या धंद्याची इतकी पूर्ण ओळख एका रात्रीत क्वचितच होते. ढोल किती पिटला जातो, पैसा कुठून येतो, कौतुक विकत घेता येतं का आणि नाही मिळालं तर काय होतं, हे सगळं त्यानं मंचावर उभं राहून पाहिलं. काही जण अशा फजितीनंतर गिटार खुंटीला टांगतात, काही जण जगाला शिव्या देतात. लो आणि त्याच्या सोबत्यांनी जाहिरातबाजीकडं पाठ फिरवली. लंडनच्या केंटिश टाउन भागातल्या ‘टॅली हो’ नावाच्या पबमध्ये १९७१ मध्ये एग्ज ओव्हर ईझी हा अमेरिकन बँड साध्यासुध्या पद्धतीनं वाजवू लागला होता. ब्रिन्स्ली श्वार्झनं तीच वाट धरली. शेदीडशे माणसं, हातात बिअर, समोर फूटभर उंचीचा मंच, मोठाले दिवे नाहीत, धूर नाही. यातून ‘पब रॉक’ नावाची चळवळ उभी राहिली. संगीताच्या इतिहासात तिला पंकची पायरी म्हणून दोन ओळी मिळतात. लोसाठी मात्र ती तालीम होती. पबमधला माणूस तिकीट काढून, टाळ्या द्यायच्या ठरवून आलेला नसतो. गाण्यानं पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याची मान वळवली नाही, तर तो पाठ करून गप्पा मारतो.

याच काळात, १९७४ च्या बँडच्या शेवटच्या अल्बमसाठी, लोनं शांतता, प्रेम आणि समजूतदारपणा यांत हसण्यासारखं काय आहे, असं विचारणारं ते प्रसिद्ध गाणं लिहिलं. त्यानं नंतर मुलाखतींत सांगितलं आहे, की सुरुवात चेष्टेत झाली होती. हिप्पी जमाना संपला होता आणि एखादा जुना हिप्पी नव्या, चलाख पिढीसमोर गयावया करतोय, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढं होतं. लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं, की कल्पना चेष्टेपेक्षा मोठी आहे. मग त्यानं विनोद आवरता घेतला. लोच्या सगळ्या चांगल्या गाण्यांचं कूळ हेच आहे. टवाळी करायला बसलेल्या माणसाच्या हातून खरं काहीतरी निघतं आणि ते निघताना पाहून तो बाजूला होतो. १९७५ मध्ये बँड फुटला. गाणं तेव्हा कुणी फारसं ऐकलंही नव्हतं.

बँड फुटला तरी लो अजून युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीच्या करारात अडकलेला होता. सुटायचं कसं? त्यानं ठरवलं, इतकं टाकाऊ रेकॉर्ड करायचं की कंपनीनं आपणहून हाकलावं. त्या दिवसांत बे सिटी रोलर्स या चौकड्यांचे कपडे घालणाऱ्या बँडनं शाळकरी मुलींना वेड लावलं होतं. लोनं ‘टार्टन होर्ड’ असं खोटं नाव घेऊन त्यांच्या भक्तीचं एक गाणं लिहिलं. साखरेच्या पाकात बुडवलेलं आणि शक्य तितकं बावळट. कंपनीला ते आवडलं. जपानमध्ये तर ते चक्क चाललं. मग आणखी मागणी आली. पुढं ‘डिस्को ब्रदर्स’ या नावानं त्यानं अजून एक अघोरी प्रकार केला, तेव्हा कुठं करारातून सुटका झाली. ही गोष्ट हसण्यावारी सांगितली जाते. ते रोलर्सचं गाणं आज ऐका. चाल बांधीव आहे, ध्रुवपद पहिल्याच फेरीत तोंडात बसतं, आवाजांची जोडणी चोख आहे. मुद्दाम वाईट लिहायला बसला तरी या माणसाला वाईट लिहिता येत नव्हतं.

१९७६ च्या उन्हाळ्यात जेक रिव्हिएरा आणि डेव्ह रॉबिन्सन या दोघांनी ‘स्टिफ रेकॉर्ड्‌स’ ही छोटी कंपनी काढली. भांडवलापैकी ४०० पौंड डॉक्टर फीलगुड बँडचा गायक ली ब्रिलो यानं उसने दिले होते. रॉबिन्सन म्हणजे तोच, फिलमोरच्या विमानामागचा गृहस्थ. आता त्यालाही अक्कल आली होती. कंपनीचं पहिलं रेकॉर्ड, क्रमांक ‘बाय १’, ऑगस्टमध्ये आलं. एका बाजूला ‘सो इट गोज’, दुसऱ्या बाजूला ‘हार्ट ऑफ द सिटी’, दोन्ही निक लोची. ड्रम्स स्टीव्ह गोल्डिंगचे, बाकी जवळजवळ सगळं लोनं एकट्यानं वाजवलेलं. ध्वनिमुद्रणाला ४५ पौंड लागले, असं सांगतात. ‘सो इट गोज’ अडीच मिनिटांचं गाणं आहे. त्यात एक रॉक मैफल आहे, जागतिक राजकारणाची बैठक आहे, आणि दोन्हींवर एकच खांदे उडवणं आहे: चालायचंच. फिलमोरला जाऊन आलेल्या माणसाचं हे तत्त्वज्ञान आणि ते नाचायला लावणाऱ्या चालीवर बसवलेलं.

स्टिफनं लोला घरचा निर्माता केला. उत्तर लंडनमधल्या इस्लिंग्टन भागात ‘पाथवे’ नावाचा आठ ट्रॅकचा एक अगदी छोटा स्टुडिओ होता. तिथं त्यानं पुढच्या वर्षभरात जे केलं, ते बघून थक्क व्हायला होतं. ऑक्टोबर १९७६ मध्ये द डॅम्डचं ‘न्यू रोझ’ आलं. ब्रिटिश पंकचं ते पहिलं सिंगल मानलं जातं. मग त्यांचा पहिला अल्बम. मग एल्व्हिस कॉस्टेलो, जो तेव्हा दिवसा एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत संगणक चालवायचा आणि रजा काढून स्टुडिओत यायचा. त्याचा ‘माय एम इज ट्रू’ मोजक्या तासांत झाला. त्यापासून १९८१ पर्यंत कॉस्टेलोचे पहिले पाच अल्बम लोच्याच हातून गेले. प्रिटेंडर्सचं पहिलं सिंगलही त्याचंच. या काळात त्याला टोपणनाव पडलं, ‘बॅशर’. आधी दणादण वाजवून टाका, नटवायचं काम मागाहून, ही त्याची पद्धत. सगळ्यांनी एकत्र वाजवायचं, ज्या फेरीत जान आहे ती ठेवायची, किरकोळ चुका असल्या तरी. त्यानंतर वर टाळ्या, खंजिरी, दुहेरी आवाज चढवायचे. ऐकताना हे निष्काळजी वाटतं. कुठली फेरी जिवंत आहे, हे ओळखणारा कान मात्र लागतो, आणि तो लोकडं होता.

‘जीझस ऑफ कूल’ या धबडग्यातून उभा राहिला. एका बैठकीत झालेला हा अल्बम नाही. दीड-दोन वर्षांत वेगवेगळ्या माणसांबरोबर, जमेल तेव्हा केलेली गाणी त्यात एकत्र आली. रूमर या बँडची मंडळी, कॉस्टेलोच्या ॲट्रॅक्शन्स या बँडपैकी स्टीव्ह नीव्ह, गिटारवादक डेव्ह एडमंड्सची टोळी, सगळ्यांचा हातभार आहे. तोवर जेक रिव्हिएरा स्टिफ सोडून बाहेर पडला होता आणि लो-कॉस्टेलो दोघंही त्याच्याबरोबर गेले होते. त्यामुळं अल्बम रडार रेकॉर्ड्‌सवर आला. मुखपृष्ठावर लोची सहा छायाचित्रं, सहा वेशांत. कुठं लांब केसांचा हिप्पी, कुठं चामडी जाकिटातला रॉकर. या धंद्यात खपणारे सगळे अवतार एका माणसाला चढवून दाखवले आहेत. यांतला खरा कोण, असं विचारणाऱ्याला अल्बम कळायला वेळ लागतो.

आत शिरताच पहिलं गाणं पैशासाठी संगीत या विषयावर आहे. जड, ठोकळेबाज रिफ आणि त्यावर कंपनीचा एखादा मॅनेजर बोलत असावा असा सूर. त्यानंतर ‘आय लव्ह द साउंड ऑफ ब्रेकिंग ग्लास’. ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेलेलं, लोचं तिथलं सगळ्यात मोठं यश. इथं एक चेष्टा समजून घ्यावी लागते. जानेवारी १९७७ मध्ये डेव्हिड बोवीचा ‘लो’ नावाचा अल्बम आला होता. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आपल्या आडनावातलं शेवटचं अक्षर त्यात गळलंय, असं निक लोनं धरलं आणि परतफेड म्हणून आपल्या चार गाण्यांच्या तबकडीला बोवीचं नाव दिलं, शेवटचं अक्षर गाळून! बोवीच्या त्या अल्बममध्ये काच फुटण्यावर एक गाणं आहे. लोनं तोही धागा उचलला. पण गाणं चेष्टेपाशी थांबत नाही. बेस गिटार पुढं राहून चाल ओढते, पियानो मध्येच खळ्ळकन फुटल्यासारखा कोसळतो आणि गाणारा माणूस रात्री एकटा आहे, त्याला काच फुटल्याचा आवाज हवा आहे. का हवा आहे, ते तो सांगत नाही. नाचघरात लागणाऱ्या गाण्यात एवढं एकटेपण बसवलेलं मला फार कमी ठिकाणी ऐकायला मिळालं आहे.

‘शेक अँड पॉप’मध्ये एका बँडची चढती-उतरती कहाणी आहे. करार, कौतुक, गाड्या आणि मग कुणी ओळख न देणं. फिलमोरची जखम इथं भरून आलेली दिसते, कारण गाण्यात तक्रारीचा लवलेश नाही. ‘लिटल हिटलर’मधला घरगुती हुकूमशहा कॉस्टेलोला इतका आवडला, की त्यानं पुढच्या वर्षी आपल्या अल्बममध्ये तसे दोन उभे केले. ‘टुनाइट’ हे सरळ, निर्व्याज प्रेमगीत आहे आणि इतक्या वात्रट शेजाऱ्यांमध्ये त्याला बसवल्यामुळं ते जास्तच निर्व्याज वाटतं. ‘नटेड बाय रिॲलिटी’ अर्ध्यात आपली चाल टाकून देऊन दुसऱ्याच गाण्यात शिरतं. ‘थर्टी सिक्स इंचेस हाय’ हे जिम फोर्ड या केंटकीच्या गीतकाराचं. लोनं त्याला नेहमी गुरू मानलं. एकच परकं गाणं घ्यायचं तर कुणाचं घ्यावं, हे त्याला ठाऊक होतं.

आणि ‘मरी प्रोव्होस्ट’. यावर थांबायला हवं. मरी प्रेव्होस्ट ही मूकपटांच्या काळातली नटी, विनोदी चित्रपट काढणाऱ्या मॅक सेनेटच्या पोहण्याच्या वेशातल्या सुंदऱ्यांमधून वर आलेली. बोलपट आल्यावर कामं कमी झाली, दारू वाढली. जानेवारी १९३७ मध्ये ती हॉलिवूडमधल्या आपल्या खोलीत मेलेली सापडली. सोबत तिचा डॅक्सहुंड जातीचा कुत्रा होता. त्यानं भुकेपोटी तिचे लचके तोडले, ही अफवा केनेथ अँगरच्या ‘हॉलिवूड बॅबिलॉन’ या पुस्तकानं पसरवली. तिला उठवण्यासाठी कुत्र्यानं दात लावले असावेत, हे त्याहून संभवनीय. लोनं अफवाच उचलली, नावही चुकीचं लिहिलं आणि या सगळ्याला अल्बममधली सर्वांत गोड चाल दिली. बर्ड्‌स या बँडची आठवण व्हावी अशी किणकिणती गिटार, वर आवाजांचे थर. तुम्ही गुणगुणू लागता आणि मग आपण काय गुणगुणतो आहोत ते ध्यानात येतं. हे निर्दय आहे. एका खऱ्या, दुर्दैवी बाईच्या बाबतीत लोनं थोडी मर्यादा ओलांडली, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. तरी सिनेमाचा धंदा माणसाला कसं खातो, हे सांगायला त्यानं त्या धंद्याचीच गोडी वापरली, हेही दिसतं.

अमेरिकेत कोलंबियानं हा अल्बम काढताना ‘जीझस’ शब्दाचा धसका घेतला. तिथं तो ‘प्युअर पॉप फॉर नाउ पीपल’ या नावानं आला. गाण्यांचा क्रम बदलला, ‘शेक अँड पॉप’च्या जागी त्याचंच दुसरं रूप घेतलं, रोलर्सवरचं एक गाणंही आलं. नावात मात्र सहजच एक बरी व्याख्या सापडली.

अशा गाण्यांना ‘पॉवर पॉप’ म्हणतात. हा शब्द द हू बँडच्या पीट टाउनझेंडनं १९६७ मध्ये आपल्या संगीताबद्दल वापरला होता. बीटल्सची चाल, बर्ड्‌सची खणखणती गिटार आणि हूचा दणका, अशी ढोबळ बेरीज करता येते. सत्तरच्या दशकात बॅडफिंगर, रास्पबेरीज, बिग स्टार यांनी ही परंपरा चालवली. बिग स्टारचा १९७२ चा पहिला अल्बम वितरणाच्या घोळामुळं दुकानांत धड पोचलाच नाही. रॉकमध्ये तेव्हा वीस-वीस मिनिटांच्या रचनांचा मान होता आणि तीन मिनिटांचं गाणं पोरकट समजलं जायचं. मराठी रसिकाला हे विचित्र वाटावं. दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. तेवढ्यातच अब्दुल करीम खाँनी राग उभे केले, हिराबाई बडोदेकरांनी ख्याल आणि नाट्यपदं घरोघर पोचवली आणि ग. ना. जोशींपासून भावगीत वाढलं. वेळ कमी म्हणजे कला कमी, असं आपण कधी मानलं नाही. पॉप गाण्याचा तीन मिनिटांचा साचाही त्याच तबकडीची देणगी आहे आणि लो त्या साच्याचा पक्का भक्त.

‘लेबर ऑफ लस्ट’ जून १९७९ मध्ये आला. पहिल्या अल्बमची विसविशीत वीण इथं नाही, कारण आता पाठीशी एकच बँड होता, रॉकपाइल. कार्डिफचा डेव्ह एडमंड्स, ज्याचं ‘आय हिअर यू नॉकिंग’ १९७० मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. गिटारवर बिली ब्रेमनर. ड्रम्सवर टेरी विल्यम्स, जो पुढं डायर स्ट्रेट्समध्ये गेला. त्या वेळी ब्रिटनमध्ये यांच्याइतका नेटका बँड क्वचितच असेल, पण लो आणि एडमंड्स वेगवेगळ्या कंपन्यांना बांधलेले असल्यानं बँडच्या नावानं रेकॉर्ड काढणं जमेना. त्यावर त्यांनी तोडगा काढला. लंडनच्या ईडन स्टुडिओत त्याच चौघांनी एकाच सुमारास दोन अल्बम केले. एक लोच्या नावावर, दुसरा ‘रिपीट व्हेन नेसेसरी’ एडमंड्सच्या.

यातलं ‘क्रूएल टु बी काइंड’ बहुतेकांनी कुठं ना कुठं ऐकलेलं असतं. ते ब्रिन्स्ली श्वार्झच्या दिवसांत लो आणि बँडमधला सहकारी इयन गॉम यांनी मिळून लिहिलं होतं. प्रेरणा फिलाडेल्फियाच्या सोल संगीताची, हॅरॉल्ड मेल्व्हिन अँड द ब्लू नोट्सच्या ‘द लव्ह आय लॉस्ट’ची. कल्पना हॅम्लेटच्या तोंडची. आधीचं एक मुद्रण ‘लिटल हिटलर’च्या मागच्या बाजूला पडून होतं. ते नव्यानं करा, असा कोलंबियाच्या मंडळींनी आग्रह धरला, लो फार उत्सुक नव्हता. झालं ते असं, की ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडं गाणं बाराव्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत त्याला पुढं कधीच एवढं यश मिळालं नाही.

गाण्याची बांधणी नीट ऐका. एक साधी गिटार जोरकस झोडली जाते, ड्रम्स सरळ रेषेत चालतात, कुणी चमकायचा प्रयत्न करत नाही. कडव्यात प्रियकर कुरकुरतो आहे, ती वाईट वागते आणि वर म्हणते हे तुझ्या भल्यासाठी. ध्रुवपदात तेच शब्द तीनदा येतात, दर वेळी पुढं वेगळी शेपटी घेऊन, आणि मागचे आवाज त्याला दुजोरा देत राहतात. छळ सोसणाऱ्याची तक्रार एव्हाना आनंदगान झालेली असते. तिच्या वागण्याचं समर्थन तोच गाऊ लागतो. हा मानसशास्त्रीय उलटफेर साडेतीन मिनिटांत घडतो आणि रेडिओवर ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्याच वर्षी १८ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये लोचं कार्लीन कार्टरशी लग्न झालं. ती जून कार्टरची मुलगी, म्हणजे कंट्री गायक जॉनी कॅश सावत्र सासरा. लग्नाचं खरं चित्रण गाण्याच्या व्हिडिओत वापरलं गेलं. एडमंड्स त्यात मोटारचालक झाला, विल्यम्स छायाचित्रकार. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं, त्या पहिल्याच दिवशी हा व्हिडिओ दाखवला गेला.

अल्बममधली बाकी गाणी या एका गाण्याच्या सावलीत राहिली. ‘क्रॅकिंग अप’ घ्या. मंचावर उभं राहणंच नकोसं झालेल्या माणसाचा ढासळता तोल, आणि बँड मात्र दगडासारखा स्थिर. ‘बॉर्न फायटर’मधलं माउथऑर्गन ह्युई लुईसचं, तो स्वतः प्रसिद्ध व्हायच्या आधीचं. ‘यू मेक मी’ जवळजवळ कुजबुजलेलं आहे. ‘स्विचबोर्ड सुझन’ मिकी जप या गीतकाराचं, टेलिफोनवरच्या द्वयर्थी बोलण्याचं. त्यातले विनोद आता शिळे वाटतात आणि मी ते गाणं हल्ली पुढं ढकलतो. ‘विदाउट लव्ह’ हे तर कंट्री संगीतच. जॉनी कॅशनं ते १९८० च्या आपल्या अल्बमसाठी गायलं आणि त्या मुद्रणाचा निर्माता लोच होता. ज्यांना लोचं कंट्रीकडं वळणं ही म्हातारपणची उपरती वाटते, त्यांनी ही तारीख बघावी. पुढं ज्या गाण्यांचं कौतुक झालं त्यांचं बी इथं रुजलेलं आहे, फक्त शेजारी हसण्याचा आवाज असल्यामुळं कुणाचं लक्ष गेलं नाही.

पुढचं थोडक्यात. कराराचा गुंता सुटल्यावर १९८० मध्ये रॉकपाइलचा स्वतःच्या नावाचा एकमेव अल्बम आला आणि १९८१ मध्ये बँड फुटला. ऐंशीच्या दशकातले लोचे अल्बम विस्कळीत आहेत, त्यात दारूचाही वाटा होता. मग १९९२ मध्ये ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटाच्या अल्बममध्ये कर्टिस स्टायगर्सनं गायलेलं त्याचं जुनं, शांतता-प्रेमाचं गाणं आलं. त्या अल्बमच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. चेष्टेतून जन्मलेल्या त्या गाण्याच्या मानधनावर निक लो निवांत झाला आणि घाई न करता, पांढऱ्या केसांनिशी, हळू आवाजात गाऊ लागला. कॅशसाठी सुरू केलेलं आणि अनेक वर्षं अर्धवट राहिलेलं ‘द बीस्ट इन मी’ १९९४ मध्ये कॅशनंही गायलं आणि लोनंही.

त्या गाण्यांत लो आपलं दुःख उघड करतो, म्हणून ती खरी आणि आधीची खोटी, हा हिशेब मला पटत नाही. ‘जीझस ऑफ कूल’मध्येही एक माणूस उघडा पडलेला आहे. एकविसाव्या वर्षी सगळ्या लंडननं ज्याची टर उडवली, त्यानं नंतर कुणी हसण्याआधीच आपण हसायचं ठरवलं आणि ते हसणं इतकं पक्क्या चालींत बांधलं की ते पंचेचाळीस वर्षांनंतरही टिकून आहे. रॉकच्या त्या काळातले कितीतरी गंभीर अल्बम आज ऐकवत नाहीत.

ऐकायचे असतील तर ‘लेबर ऑफ लस्ट’ आधी ऐका, कारण तो दार लवकर उघडतो. ‘जीझस ऑफ कूल’ त्यानंतर, आणि ब्रिटिश आवृत्तीच्या क्रमानं. अमेरिकन आवृत्तीत गाणी चांगली आहेत, पण गाडी भलत्याच स्टेशनातून सुटते. येप रॉक या कंपनीनं २००८ मध्ये तिसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या आवृत्तीत दोन्हीकडची गाणी जोडलेली आहेत, तीच घ्यावी. आणि ‘मरी प्रोव्होस्ट’ संपल्यावर एकदा मरी प्रेव्होस्टचा एखादा मूकपटही बघा, दिग्दर्शक लुबिचचा १९२४ चा ‘द मॅरेज सर्कल’ मिळाला तर उत्तम. ती फार चांगली नटी होती.